अडचणींचं कपाट

माणसाचे दोन डोळे शेजारी शेजारी आहेत, एकावर एक नाहीत. त्यामुळे आपण बांधलेल्या बहुतेक चौकटी आडव्या: नाटकाचा रंगमंच, सिनेमाचा पडदा, वर्गातला फळा, भिंतीवरचा टीव्ही. व्हिडिओ गेम घडवणाऱ्यांनी मात्र फार लवकर टीव्हीची पिक्चर ट्यूब कुशीवर वळवून चौकट उभी केली. अटारी कंपनीचा १९७६चा ‘ब्रेकआउट’ उभाच होता. पुढे १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी तशाच उभ्या पडद्यावर ‘स्पेस इन्व्हेडर्स’ मांडला. खाली आपली एकटी तोफ, वर पाच रांगांत अकरा-अकरा असे ५५ शत्रू. पडदा २२४ ठिपके रुंद आणि २५६ ठिपके उंच. हा फरक आकड्यात किरकोळ वाटतो. पण आडव्या पडद्यावर वरचा शत्रू डोक्यावरच येऊन बसला असता. उभ्या पडद्यावर तो लांब गेला, आणि या खेळात अंतर म्हणजेच वेळ. वरून सुटलेली गोळी खाली पोचेपर्यंत जी उसंत मिळते, ती सगळी चौकटीच्या उंचीतून काढलेली असते.

उभा खेळ मराठी माणसाला नवा नाही. मोक्षपट आपल्याकडे कधीपासून आहे. परंपरा त्याचं जनकत्व ज्ञानेश्वरांना देते, आणि त्यांच्या पूर्वजांचं गोदाकाठचं आपेगाव मी हे लिहितोय तिथून काही फार लांब नाही. पटावरची सोंगटी तळाशी सुरू होते, शिड्या वर नेतात, साप खाली आणतात, माथ्यावर मुक्ती. चढायचं असतं, पण चढणं आपल्या हातात नसतं. कवड्या पडतील तसं. विमानाच्या उभ्या गेममध्ये सगळं उलटं आहे. आपण तळाशीच राहतो, जग वरून खाली सरकत येतं, आणि दान नावाचा प्रकार जवळपास नसतोच. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८च्या आपल्या पुस्तकात खेळांची विभागणी स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ अशी चार गटांत केली. मोक्षपट दैवाच्या खात्यावर, त्यातून मिळणारा बोध वेगळा ठेवला तरी. विमानाच्या गेममध्ये स्पर्धा भरपूर, सोंग थोडं, भोवळ कधीकधी खरीखुरी. बहुतेक गेममध्ये शत्रू दरवेळी त्याच जागी, त्याच क्षणी येतात. ते पाठ करता येतात. पाठांतरावर वाढलेल्या समाजाला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही.

तर असा उभा पडदा असलेलं एक कपाट मी उमापुरात बांधून घेतलं. शेवगावहून गेवराईकडे येताना लागणारं हे बीड जिल्ह्यातलं गाव, आजूबाजूला कापूस आणि ऊस. जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनचं घरगुती रूप इथे उभं करायचं म्हणजे आधी सुताराला पटवणं आलं. १८ मिलिमीटरचा प्लाय, दोन उंच बाजू, मध्ये मागे झुकलेली काच, कमरेच्या जरा वर हाताचा पाट, खाली नाण्यांची पेटी. कागदावरचं चित्र बराच वेळ निरखून तो म्हणाला, “हे काय बनवायलाव सर, देव्हारा का?” देव्हारा नाही म्हटल्यावर त्याचा दुसरा प्रश्न होता, “मंग दार कुठंय याला?” दार मागच्या बाजूला आहे हे त्याला पटेना. कपाटाचं तोंड जिकडे, दार तिकडे असावं असं त्याचं शास्त्र, आणि ते चुकीचं नव्हतं. पण दोन्ही बाजूंच्या कापांची जुळणी त्याने गुण्या लावून अशी केली की मी ज्या उताराच्या कोनासाठी हिशेब मांडत बसलो होतो तो त्याने नजरेनेच धरला.

पुतण्याचा आक्षेप सुताराच्या आक्षेपापेक्षा जड होता. “काका, फोनवर आहे की सगळं.” आणि ते खरंच आहे. फोन तर जन्मतःच उभा. त्याचा पडदा जुन्या ट्यूबपेक्षा कितीतरी रेखीव, त्यात एकाच वेळी शेकडो गेम मावतात, वीज गेली तरी चालतो, आणि खिशात राहतो. त्याच्या तुलनेत माझं कपाट म्हणजे दोन माणसांनी उचलायचं, भिंतीजवळची जागा अडवणारं, उन्हाळ्यात तापणारं धूड. पुतण्याला मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायला एका पुस्तकाची मदत लागते. बर्नार्ड सूट्स या कॅनडात शिकवणाऱ्या तत्त्वज्ञाचं ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक १९७८ साली आलं, म्हणजे निशिकादोंची तोफ ज्या वर्षी आली त्याच वर्षी. सूट्सचं म्हणणं थोडक्यात असं, की गरज नसलेल्या अडचणी स्वखुशीने अंगावर घेऊन त्या पार करायला जाणं म्हणजे खेळणं. चेंडू खड्ड्यात टाकायचा तर हाताने टाकता येतो. पण गोल्फ खेळणारा लांब काठी घेतो. फोनने माझ्या सगळ्या अडचणी दूर केल्या आहेत. कपाट बांधणं म्हणजे त्या एकेक करून शोधून आणणं, आणि कुठली अडचण आणायची, कुठली सोडायची, हे ठरवणं.

पहिली आणि सगळ्यात अवजड अडचण म्हणजे पिक्चर ट्यूब. कार्ल फेर्डिनांड ब्राउनने १८९७ साली बनवलेल्या नळीची ही नात. मागून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, चुंबकं त्याला डावीउजवीकडे ओढतात, आणि काचेच्या आतल्या लेपावर तो ओळीमागून ओळ रंगवत जातो. सेकंदाला पंधरा हजारांहून अधिक ओळी, आणि सेकंदाला साठेक वेळा सगळं चित्र नव्याने. जुने गेम जेमतेम २४० ओळींचं चित्र पाठवत, त्यामुळे दोन ओळींच्या मध्ये काळी बारीक रेघ राहायची. चित्रकार हे गृहीत धरूनच ठिपके मांडत. ट्यूबवर शेजारचे ठिपके एकमेकांत किंचित मिसळतात, स्फोटाच्या कडा विझत विझत जातात. सपाट पडद्यावर तेच चित्र उघड्या विटांच्या भिंतीसारखं दिसतं. शिवाय ट्यूब आडवीची उभी केली की त्या ओळीही वळतात आणि काळ्या रेघा वरून खाली पडू लागतात. उभ्या गेमचं आकाश खरं तर अशा उभ्या रेघांचं असतं. हे मला कपाट चालू होईपर्यंत ठाऊक नव्हतं, कारण लहानपणी कुणी इतकं निरखून बघू देत नसे. मागून धक्का यायचा.

ट्यूबचा दुसरा फायदा दिसत नाही, हाताला कळतो. ट्यूब चित्र साठवून ठेवत नाही. विजेचा इशारा येतो तसा झोत हलतो. सपाट टीव्ही मात्र येणारं चित्र आधी आपल्याकडे घेतो, मोठं करतो, सुधारतो, मग दाखवतो. या शहाणपणात सेकंदाचा साठावा भाग, कधी त्याच्या कितीतरी पट, निघून जातो. बातम्या बघताना त्याने काही बिघडत नाही. विमान चार ठिपके डावीकडे घ्यायचं असताना बिघडतं.

आता ट्यूब आणायची कुठून? इथे मराठवाड्याचा एक विलक्षण योग आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना चितेगाव लागतं, आणि तिथे व्हिडिओकॉनचा कारखाना होता. गंगापूरच्या साखरेच्या धंद्यातून पुढे आलेल्या नंदलाल माधवलाल धूत यांच्या कुटुंबाने ऐंशीच्या दशकात हा टीव्हीचा उद्योग उभा केला, आणि एका पिढीच्या दिवाणखान्यात तो पोचला. २००५ साली या समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जागतिक धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथले कारखाने एकदम मराठवाड्याच्या मालकीचे झाले. ज्या वर्षांत जग सपाट पडद्याकडे तोंड वळवत होतं, त्याच वर्षांत जगातल्या काचेच्या ट्यूबांचा मोठा हिस्सा इकडे आला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्यामागची कारणं अनेक आणि पुष्कळ मोठी. मला त्यातून उद्योगावर प्रवचन द्यायचं नाही. पण भंगारवाल्याच्या ढिगात पडलेला डबा टीव्ही उचलताना असं वाटून जातं, की या वस्तूचं शेवटचं घर शोधायला जपानला जायची गरज नाही. ते पैठण रस्त्यावर होतं.

आपल्या टीव्हींची एक खोड आहे. जुन्या भारतीय संचांना रंगांच्या तीन वेगळ्या तारा जोडायची सोय सहसा नसते. मागे पिवळी, पांढरी, लाल अशा पिना असतात, त्यातली पिवळी सगळं चित्र एकाच तारेत कोंबते आणि रंग एकमेकांत सांडतात. गेवराईच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने यावर जो तोडगा काढला तो ऐकून मी खूश झालो. चॅनेल बदलताना कोपऱ्यात जो हिरवा आकडा उमटतो, तो कुठून येतो? संचातल्याच एका चिपमधून, आणि लाल, हिरवा, निळा या तीन सुट्या वाटांनी तो थेट चित्राच्या मुख्य चिपपर्यंत पोचतो. शिवाय एक चौथी तार त्या चिपला सांगते की आता बाहेरचं चित्र बाजूला ठेव, मी बोलतोय. गेमच्या तारा त्या वाटेवर आणून जोडल्या की टीव्हीला वाटतं, सबंध गेम म्हणजे चॅनेलचा एक भलामोठा आकडा आहे. रंग लख्ख येतात. हे काम घरी करण्याचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. रंगीत ट्यूबच्या अंगावर वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि संच बंद केल्यावरही ते बराच काळ दबा धरून राहतात. दुरुस्तीवाला एक हात पाठीमागे ठेवून काम करत होता. वीज छातीतून आरपार जाऊ नये म्हणून जुने मेकॅनिक असंच करतात.

ट्यूब कपाटात उभी बसवली आणि पहिल्यांदा चालू केली, तर एका कोपऱ्यात गुलाबी धब्बा आणि समोरच्या कोपऱ्यात हिरवट. दोष कुणाचाच नव्हता. पृथ्वीचं चुंबकत्व ट्यूबमधल्या झोताला किंचित ढकलत असतं आणि कारखान्यात ते आडव्या स्थितीत हिशेबात धरलेलं असतं. ट्यूब वळवली की हिशेब चुकतो. प्रत्येक रंगीत संचात यासाठी एक तारेचं कडं असतं, चालू करताना ‘थम्म’ असा आवाज येतो तो त्याचाच. पण त्या कड्याची वीज आवरणारा भाग एकदा तापला की तो थंड होईपर्यंत कडं पुन्हा काम करत नाही. तेव्हा संच चालू करायचा, बंद करायचा, चहा प्यायचा, पुन्हा चालू करायचा. असं करत करत धब्बे विरले. पृथ्वीला चुंबकत्व आहे हे शाळेत शिकलो होतो. आपल्याच खोलीत ते गुलाबी रंगात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

काठी आणि बटणांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा घरबसल्या मागवून ती मिळतात, बटणांसाठी ३० मिलिमीटरची भोकं पाडावी लागतात, आणि जपानी काठी चिनी नकलेपेक्षा चांगली असते हे खरं असलं तरी नवशिक्याला तो फरक समजायला वेळ लागतो. जुन्या सायबर कॅफेतून आलेला डेस्कटॉप आत बसवला. एवढं पुरे.

खरी गंमत जुन्या गेमच्या मूळ यंत्रांच्या मंदपणात आहे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधले शत्रू जसजसे कमी होतात तसतसे वेगाने चालू लागतात, आणि शेवटचा एकटा तर धावतच सुटतो. ही योजना म्हणून सुरू झालेली गोष्ट नव्हती. इंटेलच्या ८०८० चिपला ५५ आकृत्या हलवायला वेळ लागायचा. आकृत्या कमी झाल्या की तिचं काम हलकं व्हायचं आणि उरलेल्यांचा वेग आपोआप वाढायचा. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. यंत्राची धाप हीच खेळाची लय झाली. पुढे १९९३ साली तोआप्लान या टोकियोच्या छोट्या कंपनीने ‘बात्सुगुन’ काढला. त्यात गोळ्यांची संख्या इतकी वाढली की पडदा रांगोळीसारखा भरून जाई. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. तिथले काही लोक नव्याने निघालेल्या केव्ह कंपनीत गेले आणि १९९७ साली त्यांनी ‘दोदोनपाची’ आणला. या पंथातल्या गेममध्ये विमान पडद्यावर चांगलं ठसठशीत दिसतं, पण गोळी लागल्याचं मानलं जातं ते त्याच्या पोटातल्या काही ठिपक्यांनाच. पंखातून गोळी गेली तरी चालते. म्हणजे आपण जेवढे दिसतो तेवढे नसतो, फार लहान असतो, हे एकदा मनाने मान्य केलं की गोळ्यांच्या भिंतीत वाटा दिसू लागतात. आणि पडदा पूर्ण भरला की यंत्र पुन्हा धापा टाकू लागतं, सगळं मंदावतं. ऐन संकटात खेळणाऱ्याला उसंत मिळते, तीही यंत्राच्या अशक्तपणामुळे. आजचा संगणक हा गेम धापा न टाकता चालवू शकतो. तसा चालवला तर माणसाला तो झेपत नाही. म्हणून जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला वेगवान यंत्रात मंदपणा मुद्दाम, मोजूनमापून, परत भरावा लागतो.

याहून चमत्कारिक गोष्ट १९९६च्या ‘बॅटल गारेग्गा’ची. रायझिंग कंपनीच्या शिनोबू यागावा यांनी त्यात एक गुप्त खातं ठेवलं. तुम्ही गोळ्या झाडता, शस्त्रं गोळा करता, बळ वाढवता, तसतसं ते खातं भरत जातं आणि शत्रू अधिकाधिक क्रूर होतात. खातं कमी होण्याचा मुख्य मार्ग एकच, मरणं. त्यामुळे जाणता खेळाडू हाव आवरतो, गरजेपुरत्याच गोळ्या झाडतो आणि ठरावीक जागी विमान स्वतःहून बळी देतो. संचयाची शिक्षा आणि त्यागाचा हिशेब असा एखाद्या मोक्षपटाच्या घरातही इतक्या काटेकोरपणे मांडलेला मला दिसला नाही. यागावांना नीतिबोध करायचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांना गेम अवघड ठेवायचा होता.

असा अवघड गेम हात शिकतो कसा? डेव्हिड सडनाउ नावाचा एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पियानोही वाजवायचा. हात जॅझ कसा शिकतो यावर त्याने पुस्तक लिहिलं, आणि मग १९८३ साली ‘ब्रेकआउट’ शिकण्याच्या नादावर सबंध दुसरं पुस्तक. विद्वानांनी त्याकडे काहीशा कौतुकाने आणि काहीशा काळजीने पाहिलं असावं. त्याचं निरीक्षण मला पटतं. हाताला जे कळतं ते डोक्याला विचारून कळत नाही, आणि डोकं मध्ये पडलं की हात चुकतो. तबला शिकलेल्या कुणालाही हे पुस्तकावाचून ठाऊक असतं.

पण हे सगळं एकट्याचं झालं, आणि मूळ मशीन एकट्यासाठी नव्हतंच. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांत एसटी स्टँडच्या आसपास एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात चार-पाच मशीन असायची. रुपयाला एक गेम. आतली पाटी, म्हणजे गेमचा सर्किट बोर्ड, बहुतेक वेळा नकली, नाव-गाव पुसलेली. त्यामुळे पोरांनी आपापली नावं ठेवली. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम आपल्याकडे त्या नावाने कुणी ओळखला नाही. त्यातल्या एका पात्रावरून तो ‘मुस्तफा’ झाला तो कायमचा. उभे गेम सगळे मिळून ‘विमानाचा गेम’. त्याच कॅपकॉमचा १९८४चा ‘१९४२’ हा विमानाचाच गेम. त्यात जपानी कंपनीने खेळाडूच्या हातात अमेरिकन विमान दिलं आणि जपानी विमानं पाडत टोकियोकडे जायला लावलं. परदेशी बाजाराचा तो विचार होता. आपल्या पोरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, समोर येईल ते पाडायचं एवढंच.

त्या गाळ्यात खेळणारा एक आणि बघणारे सहा. बघणाऱ्यांकडे रुपया नसे, पण मत असे. ‘वरून डावीकडनं येतंय बघ’ हे सांगणारा स्वतः क्वचितच खेळलेला असायचा. गेम पाठ असे तो त्यालाच. घरच्या कपाटाला मी सगळं आणलं, पण मागे उभं राहून चुकीचा सल्ला देणारी माणसं प्लायमध्ये कापून काढता येत नाहीत. पुतण्याचे मित्र येतात तेव्हा ते आपापल्या फोनमध्ये असतात, आणि आपली पाळी आली की उठतात.

त्या गाळ्यांना घरची मोठी माणसं जुगाराचे अड्डे म्हणत. कायद्यालाही हा प्रश्न पडला होता. कर्नाटकातल्या व्हिडिओ गेम चालकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, आणि त्याला परवाना लागावा का, असा वाद होता. १९९५ साली न्यायालयाने परवान्याची अट आणि सरकारचं नियंत्रण उचलून धरलं. त्या पार्लरांत नाना प्रकारची यंत्रं असत आणि काही खरंच पैसे लावण्याची होती. पण शुद्ध विमानाचा गेम कुणी न्यायमूर्तींसमोर ठेवला असता तर काय झालं असतं, याचा विचार मला करमणुकीचा वाटतो. सगळे शत्रू ठरलेले, सगळ्या गोळ्या ठरलेल्या. यात जुगार खेळणारा एकच, तो म्हणजे आपला तीनच जीव असलेला अंगठा.

जास्त गुणांची यादी हाही सार्वजनिकच मामला. पहिल्या क्रमांकाला तीन रोमन अक्षरं कोरायची आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना दाखवायची. पण बऱ्याच जुन्या यंत्रांची स्मृती विजेवरच टिकून असे. लाईट गेली की यादी पुसली. भारनियमनाच्या मुलखात कुणाचा पराक्रम किती तास टिकेल हे वीज मंडळाच्या हातात होतं.

विजेवर टिकणारी अशीच स्मृती कॅपकॉमने १९९३पासून वेगळ्याच कामाला लावली, नक्कल रोखायला. त्यांच्या ‘सीपीएस-२’ या पाटीवर गेमचा मजकूर कुलूपबंद असे आणि किल्ली एका छोट्या बॅटरीच्या आधारावर तग धरून राही. नक्कल करणारे पाटी उघडून बघायला गेले की किल्ली जाई. पण काही वर्षांनी बॅटरी आपोआपही संपायची, आणि मग इमानदारीने विकत घेतलेली पाटीसुद्धा मुकी. १९९६चा ‘१९एक्सएक्स’ हा ‘१९४२’चा वंशज असाच मरत होता. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी जुन्या यंत्रांची नक्कल करणारा ‘मेम’ हा प्रोग्राम काढला होता. अनेकांच्या खटपटीनंतर २००७च्या सुमारास या कुलपाची रीत पूर्ण उलगडली आणि त्या उलगड्यात साल्मोरियांचाही हात होता. ज्यांना कंपनी चोर म्हणत होती त्या जमातीच्याच लोकांनी तिचे गेम वाचवले, हे म्हणणं थोडं सोपं होतं. नकलाकार आणि जतन करणारे ही दोन वेगळी माणसं आहेत, जरी हत्यारं तीच असली तरी. माझ्यापुरता नियम असा, की जो गेम आज रीतसर विकत मिळतो तो विकत घ्यायचा. हॅम्स्टर, एम-टू अशा जपानी कंपन्या जुने उभे गेम अगदी मंदपणासकट पुन्हा विकतात, आणि ते काम किमतीच्या लायकीचं आहे.

उरली शेवटची अडचण, रुपया. ‘मेम’मध्ये कीबोर्डवर ५ दाबलं की नाणं पडतं आणि १ दाबलं की गेम सुरू होतो. ५ दाबायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे कितीही वेळा दाबता येतं. आणि तिथेच गेम मरतो. मेलात की ५ दाबा, जिथे मेलात तिथूनच पुढे. असं करत तासाभरात शेवटचा शत्रूही पडतो, आणि हातात काहीच राहत नाही. घरोघरी टीव्हीला जोडायच्या त्या ‘कॅसेट’वाल्या गेममुळे आमच्या पिढीला ही फुकटची सवय आधीच लागली होती. पार्लरच्या गेमची रचना मात्र रुपया मध्ये धरूनच झालेली. तीन मिनिटांत बहुतेकांना संपवायचं आणि एखाद्याला अर्धा तास टिकू द्यायचं, हे मालकाच्या गल्ल्याचं गणित. त्या गणितातून पहिल्या टप्प्याचा सोपा उतार, दुसऱ्या टप्प्याचा घात, सगळं घडलं. एकाच नाण्यात शेवटपर्यंत जाणं ही या पंथाची पदवी जगभर मानली जाते ती त्यामुळेच.

या तालुक्यात पैसा आधी की वेळ आधी, हा प्रश्न खेळातला नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतं आणि दिवाळीनंतर कारखान्यावर जाऊन महिनोन्‌महिने ती फेडतं. नवराबायकोच्या त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. पैसा आधी येतो, दिवस नंतर जातात. मशीनचा हिशेब उलटा, रुपया आधी द्यायचा आणि वेळ किती मिळेल ते हातावर. त्या घरांतल्या पोराने गाळ्यात टाकलेला रुपया कुठून आला होता हे त्याच्या घरी कुणी विसरत नसे, आणि मला वाटतं तोही विसरत नसावा. जिंकायला शिकण्याची घाई त्या रुपयात होती. माझ्या ५च्या बटणात ती कुठून येणार?

म्हणून नाण्याचं यंत्र बसवून घेतलं. त्याच्या आत नमुन्याचं एक नाणं ठेवायचं असतं. पडणारं नाणं त्याच्याशी जुळलं तरच ते ५ दाबल्याचा इशारा पाठवतं. नमुना म्हणून मी जुना, २५ मिलिमीटरचा स्टीलचा रुपया ठेवला. २०११नंतरचा नवा रुपया त्याहून लहान आणि हलका असल्याने यंत्र तो परत टाकतं. त्यामुळे खिशातल्या चिल्लरीवर भागत नाही. जुने रुपये शोधून एका डब्यात जमा केले, आणि डबा स्वयंपाकघरात आईच्या फडताळावर ठेवला. कीबोर्ड कपाटाच्या आत कुलूपबंद आहे. नाणं हवं असेल त्याने उठून आत जायचं आणि मागायचं. आई देते, पण “आत्ताच नेला की रे एक” असं म्हणूनच देते, मग मागणारा पुतण्या असो की मी. डब्यातले रुपये संपले की कपाटाचं मागचं दार उघडून पेटी रिकामी करावी लागते, आणि त्या दाराची किल्लीही तिने आपल्याच जुडग्यात घालून घेतली आहे.